आवाज येतोय, चित्र काय येईना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला जे समजलं ते सांगतो, म्हणजे चुकलो असेन तर तिथंच थांबवता येईल. आज्जा जांबोटीकडच्या गावात राहतात. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्यात मेमरी कार्ड बसतं. गावात रेंज अशीतशीच, त्यामुळे इंटरनेटवरून काही बघायचा प्रश्नच नाही. तुम्ही पुण्यात बसून त्यांच्यासाठी चाळीसेक फायली जमवल्या. गावच्या पारायणातली कीर्तनं आणि हरिपाठ मंडळाच्या पोरांनी ड्राइव्हवर ठेवलेले, ते उतरवून घेतले. काकांच्या लग्नाचं शूटिंग फोटोग्राफरकडून आणलं आणि नातवंडांचे व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनवरून गोळा केले. सगळं कार्डात भरून पाठवलं, तर निम्म्या फायलींना फोन ‘फॉरमॅट चालत नाही’ म्हणतो. काहींत आवाज येतो, चित्र काळं. दोन-तीन चालतात, पण खड्ड्यातून गाडी जावी तशा. मग तुम्ही फायलींच्या नावामागं एमपी४ लिहून पाहिलं, त्यानंही काही झालं नाही. म्हणून विचारताय, ‘चांगला कन्व्हर्टर कुठला?’

बेळगावच्या शहापुरात साड्यांच्या दुकानांच्या ओळीत माझं छोटं दुकान आहे. २००७ पासून मोबाइल दुरुस्ती आणि असली कामं करतोय. तेव्हा दोन जीबीचं कार्ड म्हणजे लोकांना दौलत वाटायची. या सगळ्या वर्षांत कन्व्हर्टर वाईट निघाला म्हणून काम अडलंय असं फार कमी वेळा झालं. अडतं ते फोनला काय पचतं हे न बघता फायली करायला घेतल्यामुळे. शिंप्याकडे गेलं की तो आधी म्हणतो, मापाला जुना सदरा आणा. तुम्ही माप न घेता चाळीस सदरे शिवायला निघालाय.

पहिल्यांदा नाव बदलण्याचं सांगून टाकतो. कुंदा आणि करदंट या आमच्याकडच्या दोन मिठाया. कुंद्याच्या खोक्यावर ‘गोकाकचं करदंट’ अशी चिठ्ठी लावली म्हणून आत करदंट होत नाही. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, थ्रीजीपी, वेबएम ही सगळी खोक्यांची नावं. खोक्याच्या आत चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या पद्धतीनं. या दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एकाच एमपी४ नावाच्या खोक्यात एच.२६४ असू शकतं, एच.२६५ असू शकतं किंवा जुनं एमपेग-फोरही असू शकतं. फोनला खोकं ओळखता आलं पाहिजे, आतलं चित्र उलगडता आलं पाहिजे आणि आवाजही. तिन्ही जमलं तर फाईल चालते.

हे एवढं कळलं की तुमच्या तीन तक्रारींची कारणं आपोआप वेगळी होतात. ‘फॉरमॅट चालत नाही’ येतं तिथं बहुतेक खोकंच अनोळखी आहे. एमकेव्ही, वेबएम किंवा फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातली एमटीएस फाईल असणार. आवाज येतो आणि चित्र काळं, तिथं खोकं उघडलं, आवाज ओळखीचा निघाला, पण चित्राचा कोडेक फोनच्या चिपला येत नाही. नातवंडांच्या व्हिडिओंचं हेच झालं असणार. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून शूटिंग एच.२६५ मध्ये होतं, कारण तीच सेटिंग मुळात चालू असते, आणि हल्ली बरेच अँड्रॉइड फोनही तसंच करतात. एच.२६५ चं मानक २०१३ चं, एच.२६४ चं २००३ चं. बटणांच्या फोनातली चिप त्याच्याही मागची विद्या शिकलेली असते. तिला एच.२६३ आणि साधं एमपेग-फोर येतं, कधी कधी एच.२६४ येतं. एच.२६५ ची अपेक्षाच ठेवू नका. तिसरी तक्रार अडखळण्याची. तिथं चिपला पद्धत येते, पण ओझं झेपत नाही. १९२० बाय १०८० चं चित्र ३२० बाय २४० च्या पडद्यावर दाखवायचं म्हणजे सत्तावीस पट ठिपके उलगडायचे आणि त्यातले सव्वीस हिस्से टाकून द्यायचे. गरीब चिप धापा टाकणारच.

आता ‘अमुक सेटिंग लावा, चालेल’ असं मी इथूनच छातीठोकपणे सांगणार नाही, कारण फोनवर फोन सारखा नसतो. एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन फोन माझ्या काउंटरवर आले होते. एका गिऱ्हाइकाचा आणि त्याच्या मेहुण्याचा, वर्षभराच्या अंतरानं घेतलेले. एकात एच.२६४ चालायचं, दुसऱ्यात नाही. आतली चिप बदललेली आणि फोन ज्यात येतो त्या खोक्यावर दोन्हीकडे नुसतं ‘एमपी४ प्लेयर’. खोक्यावरच्या त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून मी एकदा रात्रभर फायली केल्या होत्या आणि सकाळी सगळ्या पुसल्या. तेव्हापासून मापाशिवाय काम घेत नाही.

माप कसं घ्यायचं? आज्जांच्या फोनला कॅमेरा आहे ना, कसला का असेना? गावातल्या कुणाला तरी त्यावर दहा सेकंदांचं शूटिंग करायला सांगा. अंगणातलं कुत्रं चालेल. फोन जे स्वतः रेकॉर्ड करतो ते त्याला दाखवता येतंच. ती फाईल म्हणजे तुमचा जुना सदरा. शेजारच्या पोरानं कार्ड आपल्या मोबाइलमध्ये घालून ती तुम्हाला पाठवायची. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सअ‍ॅप ती वाटेत पुन्हा दाबतं आणि तुमच्या हातात व्हॉट्सअ‍ॅपचं माप येतं, फोनचं नाही. ही चूक भले भले करतात.

फाईल आली की मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात उघडा. ते नसेल तर व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’खाली कोडेकची माहिती दिसते. कागदावर लिहून घ्या: खोकं कुठलं, चित्राचा कोडेक कुठला, रुंदी-उंची किती, सेकंदाला किती चित्रं, आवाजाचा कोडेक कुठला. बहुतेक ३२० बाय २४० चं एव्हीआय किंवा एमपी४ निघेल. फारच जुना फोन असला तर १७६ बाय १४४ चं थ्रीजीपी, आत एच.२६३ आणि एएमआर आवाज. हे माप म्हणजे तळ आहे, इतकं तर नक्की चालणार. फोन त्याच्यापेक्षा चांगलंही चालवू शकतो, कारण रेकॉर्ड करायला लागते त्यापेक्षा दाखवायला कमी ताकद लागते. म्हणून कॅमेऱ्याच्या फाईलवर समाधान मानून लगेच सगळ्या फायली १७६ बाय १४४ मध्ये करू नका. त्या आकारात बुवांचा चेहरा म्हणजे शेंगदाणा.

पुढची पायरी नमुन्याची. एकेक मिनिटाचे चार नमुने करा. पहिला एमपी४ खोक्यात एच.२६४ चा, रुंदी ६४०. दुसरा तोच, पण ३२० बाय २४०. तिसरा एमपी४ मध्येच, पण जुन्या एमपेग-फोर कोडेकचा, ३२० बाय २४०, आवाज एमपी३. चौथा कॅमेऱ्याच्या फाईलबरहुकूम. चारही कार्डात घालून पाठवा आणि कोणकोणते चालतात ते बघा.

यात मी एक युक्ती करतो, ती दुकानात शिकलो. म्हाताऱ्या माणसांना फोनवर ‘दोन नंबरची फाईल चालली का हो?’ असं विचारलं की घोटाळा होतो. त्यांना नंबर दिसत नाही, दिसला तर लक्षात राहत नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘होय की, चालली’ असंही म्हणतात. म्हणून चारही नमुन्यांत चार वेगळी माणसं ठेवा. एकात बुवा, एकात काका नवरदेवाच्या फेट्यात, एकात धाकटी नात, एकात लेझीम. मग आज्जांना फक्त एवढंच विचारायचं, कोण कोण दिसलं? ‘नात दिसली, फेटा दिसला, बुवांचा नुसता आवाज’ एवढं ते बिनचूक सांगतील. तुमचं उत्तर त्यात आलं.

आता सॉफ्टवेअर. माझं निम्मं काम हँडब्रेकवर होतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फक्त अधिकृत साइटवरूनच घ्या. नावाशी मिळतीजुळती साइट उघडून कुणीतरी ‘फ्री कन्व्हर्टर’ उतरवतं आणि त्याच्याबरोबर तीन नको ती सॉफ्टवेअरं घरात शिरतात, असे लॅपटॉप माझ्याकडे महिन्याला येतात. हँडब्रेक एव्हीआय आणि थ्रीजीपी खोकं बनवत नाही. ती लागली तर फॉरमॅट फॅक्टरी घ्या, नुसतं एव्हीआय हवं असेल तर अ‍ॅव्हिडीमक्सही चालेल. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती वाटत नाही त्यांनी सरळ एफएफएमपेग. यातल्या बहुतेकांच्या पोटात शेवटी एफएफएमपेगचीच यंत्रणा फिरत असते. म्हणून तर म्हणतो, कन्व्हर्टर कुठला याला फार महत्त्व नाही.

हँडब्रेकमध्ये फाईल उघडली की उजवीकडच्या तयार यादीतून ४८० उंचीचा ‘फास्ट’ प्रकार निवडा आणि तिथून पुढं बदल करा. ‘डायमेन्शन्स’मध्ये रुंदी-उंची. ‘व्हिडिओ’मध्ये एन्कोडर एच.२६४, प्रोफाइल ‘बेसलाइन’, लेव्हल ३.०, आणि ‘फास्ट डिकोड’ला टिक. बेसलाइन का? एच.२६४ मध्ये फाईल लहान करायच्या काही हुशार क्लृप्त्या आहेत. पुढच्या चित्राकडे बघून मधलं चित्र काढायचं, आकडे आणखी घट्ट बांधायचे, असल्या. बेसलाइनमध्ये त्या बंद असतात. फाईल थोडी मोठी होते, पण उलगडायला सोपी जाते. लहान चिपला हुशारी सोसत नाही. सेकंदाला चित्रं २५ ठेवा आणि शेजारी ‘कॉन्स्टंट’ निवडा. हे कॉन्स्टंट महत्त्वाचं. मोबाइलवर केलेल्या शूटिंगमध्ये अंधार-उजेडाप्रमाणे चित्रांचा वेग कमी-जास्त होत असतो. नवे फोन ते सांभाळून घेतात. साधा प्लेयर गडबडतो आणि दहा मिनिटांनी टाळ आधी हलतात, आवाज मागून येतो. फोटोग्राफरच्या एमटीएस फायलींमध्ये हालचालीच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर ‘फिल्टर्स’मध्ये डिइंटरलेस चालू आहे का बघा. त्या कॅमेऱ्यात एकेक चित्र दोन अर्ध्यांत, एकाआड एक ओळींनी टिपलेलं असतं. चित्र लहान करायच्या आधी ते अर्धे नीट जुळले पाहिजेत, नंतर काही करता येत नाही.

पडद्याच्या आकाराबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथं लोक घाई करतात. तुमची कीर्तनं आडव्या रुंद पट्टीची, सोळाला नऊ. आज्जांच्या फोनचा पडदा चाराला तीन असणार. रुंद चित्र त्यात जसंच्या तसं बसवलं तर वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि २४० ओळींतल्या फक्त १८० वापरात राहतात. आधीच पडदा अडीच इंचाचा, त्यातला पाव भाग वाया. ताणून बसवलं तर बुवा दुधी भोपळ्यासारखे उंच होतात. ते मुळीच करू नका. तिसरा मार्ग छाटायचा. १९२० बाय १०८० मधून डावीकडचे २४० आणि उजवीकडचे २४० ठिपके कापले की उरतं १४४० बाय १०८०, म्हणजे नेमकं चाराला तीन. ते ३२० बाय २४० वर आणलं की पडदा पूर्ण भरतो. कीर्तनाला हे छान जमतं. बुवा मधे, मागं टाळकरी, कडेला मांडवाचे खांब, आणि खांब गेल्याचं दुःख कुणाला होत नाही. पण लग्नाला असं करू नका. आमच्याकडे लग्नाच्या फोटोत कडेला उभी राहणारी माणसंच नेमकी रुसणारी असतात. येळ्ळूरच्या एका कुटुंबाचं शूटिंग मी असंच छाटून दिलं होतं. एक आत्या संपूर्ण लग्नातून कापली गेली. पुढं काय ऐकावं लागलं ते सांगत नाही.

उभ्या धरलेल्या मोबाइलचे नातवंडांचे व्हिडिओ वेगळी गंमत करतात. पुष्कळ फोन चित्र आडवंच साठवतात आणि ‘दाखवताना फिरवून दाखव’ अशी चिठ्ठी फाईलला लावतात. नवा फोन ती चिठ्ठी वाचतो, बटणांचा फोन वाचत नाही, आणि नात भिंतीवरून चालताना दिसते. हँडब्रेक सहसा चिठ्ठी वाचून चित्र खरोखर फिरवून देतं. नाही दिलं तर ‘डायमेन्शन्स’मध्ये फिरवायची सोय आहे.

आवाजाकडे चित्राइतकंच, कीर्तनाला तर चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. कोडेक एएसी, स्टिरिओ, १२८ केबीपीएस (सेकंदाला किती माहिती भरायची त्याचं हे माप). एमपेग-फोर नमुना चालला असेल तर एमपी३. मूळ फाईलीत थिएटरसारखा सहा वाटांचा आवाज असेल तर साध्या फोनवर तो एक तर येतच नाही किंवा बोलणं दबून नुसता पखवाज ऐकू येतो. म्हणून मिक्सडाउन ‘स्टिरिओ’ किंवा ‘मोनो’. फोनला स्पीकर एकच, मोनोनं काही बिघडत नाही. उलट फोटोग्राफरनं माइक एकाच बाजूला लावलेला असतो तेव्हा मोनो केल्यानं हेडफोनच्या दोन्ही कानांत बुवा येतात. आवाज बारीक असेल तर ‘गेन’मध्ये पाच-सहा डेसिबल वाढवा. त्याहून वाढवलं तर गजर टिपेला गेला की स्पीकर फाटल्यासारखा होतो.

आपल्या सीमाभागातली एक खास अडचण सांगतो. काही फायलींत दोन आवाज असतात, एक कन्नड, एक मराठी. टीव्हीवर रिमोटनं बदलता येतात. बटणांचा फोन पहिला जो असेल तोच लावतो. अथणीकडचं एक गिऱ्हाईक रागानं आलं होतं, ‘मराठीतलं मागितलं, तुम्ही कन्नड भरून दिलं.’ घरी बायको कन्नड, आई मराठी, दोघींच्या दोन फोनांत एकच फाईल, आणि दोन्हीकडे कन्नडच सुरू होत होतं. शेवटी एकाच फाईलच्या दोन केल्या, प्रत्येकीत एकच आवाज ठेवून. ‘ऑडिओ’ टॅबमध्ये हवा तो ठेवा, दुसरा काढून टाका. पडद्याखालच्या ओळींचंही तसंच. वेगळ्या फाईलीतली देवनागरी किंवा कन्नड अक्षरं साध्या फोनवर चौकोन होऊन येतात. हव्याच असतील तर ‘बर्न इन’ करून चित्रातच छापून टाका. मग त्या पुसता येत नाहीत हे लक्षात ठेवा. आणि २४० ओळींच्या पडद्यावर वाचायला आज्जांचे डोळे किती धड आहेत तेही बघा.

किती जागा लागेल? हिशोब सोपा. चित्राला ३०० आणि आवाजाला ९६ धरले तर सुमारे ४०० केबीपीएस. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठनं भागायचं, म्हणजे सेकंदाला ५० केबी, तासाला १८० एमबी. चाळीस तासांचे सव्वासात जीबीच्या आत. सोळाचं कार्ड पुरे. ६४० रुंदीचा नमुना चालला आणि चित्राला ७०० व आवाजाला १२८ दिले तर तासाला पावणेचारशे एमबी, चाळीस तासांना पंधरा जीबी. तेव्हा बत्तीसचं घ्या. चौसष्टचं घेऊ नका. बरेच बटणांचे फोन बत्तीसच्या पुढं ओळखत नाहीत, आणि चौसष्ट व त्यापुढची कार्डं एक्सफॅट पद्धतीनं मांडलेली येतात, ती या फोनांना वाचता येत नाहीत. कार्ड आज्जांच्या फोनमध्येच फॉरमॅट केलेलं सगळ्यात बरं. अर्थात आतलं काही महत्त्वाचं असेल तर आधी काढून ठेवा. आणि रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणारं कार्ड आणू नका. त्यावर बत्तीस लिहिलेलं असतं आणि आत चारच असतात. चार भरेपर्यंत सगळं गोड चालतं.

फायलींची नावं साधी ठेवा, आकड्यांत. मराठी नावं बऱ्याच फोनांवर चौकोन होतात. काही फोन नावाच्या क्रमानं फायली न दाखवता कार्डावर ज्या क्रमानं भरल्या त्या क्रमानं दाखवतात. हरिपाठ पहिला हवा असेल तर पहिला भरा. घाईत सगळ्या एकदम ओढून टाकू नका. कार्ड काढताना संगणकाला सांगून काढा, ओढून नाही.

आणि लाईट. पुण्यात तुमच्याकडे जात नसेल, पण सुट्टीत गावी येऊन हे काम करायचा विचार असेल तर ऐका. एमपी४ खोक्याची अनुक्रमणिका, म्हणजे कुठलं चित्र कुठं आहे त्याची यादी, अगदी शेवटी लिहिली जाते. तासाच्या फाईलीचं नव्याण्णव टक्के काम झालं आणि लाईट गेली तर उरलेली फाईल उघडतच नाही. पहिली दहा मिनिटंसुद्धा नाहीत. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला बसून हे काम करायचं तर लॅपटॉपवरच करा आणि बॅटरी धड असेल तरच. हँडब्रेकमध्ये रांग लावता येते. रात्री लावून झोपायचं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तासाचं कीर्तन वीस मिनिटांत होतं, तुमच्या मशीनवर कमी-जास्त होईल.

दोन अपवाद. ज्या फायली ओटीटीच्या किंवा यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेल्या आहेत त्या कुलूपबंद असतात आणि त्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. त्यांच्या मागं लागू नका, मीही लागत नाही. एके काळी या धंद्यात कार्ड भरून देताना कुणाचा माल आहे हे कुणी विचारत नव्हतं, मीही त्यातलाच. आता फक्त घरचं किंवा मालकानं दिलेलं असेल तेच भरतो. दुसरा अपवाद घरातल्या ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांचा. त्यांच्यासाठी कन्व्हर्ट करत बसू नका, व्हीएलसी घालून द्या. ते जवळपास सगळं चालवतं. त्यातूनही एखादी एमकेव्ही अडली आणि आत एच.२६४ असेल, तर चित्र पुन्हा दाबायचं कारण नाही, नुसतं खोकं बदलायचं. अ‍ॅव्हिडीमक्समध्ये चित्र आणि आवाज दोन्हीला ‘कॉपी’ ठेवून एमपी४ म्हणून साठवा. मिनिटभरात होतं आणि चित्राचा दर्जा काडीचाही कमी होत नाही. पुन्हा दाबलं की दर वेळी थोडं बिघडतं, झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं. म्हणूनच मूळ फायली पुसू नका. आज्जांचा फोन बदलला तर नवं माप लागेल.

तुम्ही विचारलं नाहीत तेही सांगतो. कीर्तनांचा आवाज वेगळा काढून एमपी३ करून त्याच कार्डात एका वेगळ्या फोल्डरमध्ये घाला. मोनो ६४ केबीपीएसला तासाचे २९ एमबी, चाळीस तासांचा एक जीबीपेक्षा थोडा जास्त. बटणांच्या फोनवर चित्र चालू असलं की बॅटरी भराभर उतरते, नुसता आवाज दिवसभर पुरतो. कडोलीच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकासाठी मी दोन दिवस खपून सत्तावीस कीर्तनं पडद्याच्या मापानं बसवली होती. महिन्यानं दुसऱ्या कामाला आले तेव्हा विचारलं, चित्र नीट दिसतंय ना? म्हणाले, ‘चित्र कोण बघतंय रे, फोन खिशात असतो. मी बटाट्याच्या शेतात असतो.’

तर आधी कुत्र्याचं शूटिंग मागवा. मीडियाइन्फोनं काय दाखवलं ते मला जसंच्या तसं कळवा, आणि चार नमुन्यांतून आज्जांना कोण कोण दिसलं तेही. बाकीच्या फायलींना तोवर हात लावू नका.